हंगेरीची दुर्मीळ टपाल तिकिटे

हंगेरीची दुर्मीळ टपाल तिकिटे जगभरच्या संग्राहकांच्या विशेष आवडीची आहेत. त्यांची दुर्मीळता त्यांच्या वयापेक्षा छपाईतील अडचणी व चुकांमुळे आलेली आहे.

१८६७च्या तडजोडीनंतर ऑस्ट्रिया व हंगेरीची टपाल खाती वेगळी झाली, तरी तिकिटे काही काळ समाईकच राहिली. हंगेरीची स्वतःची पहिली तिकिटे १८७१ साली निघाली. त्यांवर सम्राट फ्रान्झ जोसेफ यांचे चित्र होते. ती कोरीव ठशांवरून छापायची होती. पण यंत्रसामग्री वेळेत सज्ज न झाल्याने आरंभी शिळामुद्रणाचा आधार घ्यावा लागला. त्याच वर्षी कोरीव छपाई सुरू झाली आणि ही तात्पुरती तिकिटे मागे पडली. आज मोल आहे ते याच तिकिटांना. दोहोंचे चित्र सारखेच असल्याने नवखा संग्राहक येथे हमखास फसतो.

सर्वांत प्रसिद्ध तिकीट म्हणजे 'उलटी मॅडोना'. १९२०च्या दशकातील ५००० कोरोनांच्या या तिकिटाची चौकट व मधले चित्र दोन वेगळ्या रंगांत, दोन फेऱ्यांत छापले जाई. एखादा कागद दुसऱ्या फेरीत उलटा गेल्याने बाळ येशूसह मेरीचे चित्र उलटे उमटले. अशा मोजक्याच प्रती ज्ञात आहेत.

याउलट १९४६च्या महाचलनवाढीतील अब्जावधी पेंगोंची कोरी तिकिटे आजही स्वस्त मिळतात. दर सतत बदलत असल्याने त्या काळी खरोखर टपालातून गेलेल्या लिफाफ्यांना मात्र मागणी असते.