संगणक का रेंगाळतो?

महाड तालुक्यातील शिवथरघळ तुम्हांला ऐकून ठाऊक असेल. समर्थ रामदासांनी तेथे दासबोध सांगितला व कल्याणस्वामींनी तो लिहून घेतला, अशी परंपरा आहे. आता कल्पना करा. लिहिणाऱ्याला हवे असलेले पान समोरच्या चौरंगावर असेल, तर ते उचलायला १ सेकंद पुरे. पण चौरंग भरल्यामुळे ते महाडला ठेवले असेल, तर? पायी जाऊन परत येण्यात सारा दिवस जाईल!

संगणकाचेही असेच होते. त्याची तात्पुरती स्मृती, म्हणजे रॅम, हा चौरंग. तेथील माहिती सुमारे १०० नॅनोसेकंदांत मिळते. रॅम भरली, की उरलेली माहिती हार्ड डिस्कवर ठेवावी लागते. तिच्या फिरत्या चकतीवरून ती परत आणायला सुमारे १० मिलिसेकंद, म्हणजे १ लाख पट वेळ लागतो. १ लाख सेकंद म्हणजे जवळजवळ २८ तास!

मग उपाय काय? न लागणारे प्रोग्राम बंद करा. संगणकाबरोबर आपोआप सुरू होणाऱ्यांपैकी नको असलेले थांबवा. ‘वेग वाढवतो’ म्हणणारे प्रोग्राम घेऊ नका. तेही चौरंगच अडवतात. एवढ्याने भागले नाही, तर रॅम वाढवून घ्या, किंवा चकतीऐवजी एसएसडी बसवून घ्या. तिच्यात फिरणारा भाग नसतो. त्यामुळे आपल्या हिशेबातले २८ तास सुमारे १७ मिनिटांवर येतात.

तेव्हा शाळेतला जुना संगणक भंगारात काढण्यापूर्वी एवढे तपासा: तो खरोखर थकला आहे, की नुसताच महाडच्या वाटेवर आहे?