परीक्षेला येताना आपला रोगी आणावा

अकोल्याहून एका वाचकांचं पत्र आलंय आणि ते बाजूला ठेववत नाही. त्यांची भाची इथे बीडीएस करून अमेरिकेला गेली, तिथल्या कॉलेजात पुन्हा शिकते आहे. तिच्या एका सीनियरने म्हणे परवान्याच्या परीक्षेसाठी रोगी स्वतः शोधला, त्याचं विमानाचं तिकीट काढलं, हॉटेलचं बिलही भरलं. ‘हे खरं, की पोरगी मामाची फिरकी घेते आहे?’ असा त्यांचा सवाल.

खरं आहे. आणि तो सीनियर काही जगावेगळा नव्हता.

आपल्याकडे बीडीएस आणि इंटर्नशिप झाली की राज्याच्या दंत परिषदेत नोंदणी करायची आणि पाटी लावायची. १९४८ च्या दंतवैद्य कायद्याखाली हीच रीत रुळली. फायनलच्या प्रॅक्टिकलला चांगल्या हिरड्यांचा, कवळी नीट बसेल असा आजोबा मिळावा म्हणून आपली पोरंही ओपीडीत घिरट्या घालतातच, पण ती कॉलेजची परीक्षा. अमेरिकेत पदवी कॉलेजची आणि परवाना राज्याच्या मंडळाचा. तिथे एकेकाळी पैसे घेऊन पदव्या विकणारी कॉलेजं होती. मंडळांचा कागदावर विश्वास नव्हता तो त्यांच्यामुळेच. त्यांचं म्हणणं सरळ होतं: काय शिकलास ते आमच्या डोळ्यांदेखत करून दाखव.

विसाव्या शतकात बरीच वर्षं ते दाखवायचं सोन्यावर. १८५५ मध्ये रॉबर्ट आर्थर यांनी ध्यानात आणून दिलं होतं की शुद्ध सोन्याचा पातळ वर्ख तापवून घेतला, तर त्याचे थर नुसत्या दाबाने एकजीव होतात. मग कणाकणाने तो दाताच्या खड्ड्यात ठासायचा, बारीक हातोडीने ठोकत. थेंबभर लाळ लागली की मुसळ केरात! १८६४ मध्ये न्यूयॉर्कच्या सॅनफर्ड बार्नम यांनी दाताभोवती रबराचा पडदा ताणायची युक्ती काढली, ती या लाळेलाच वैतागून. दवाखान्यांत अशी फिलिंग्ज दुर्मीळ झाली तरी काही राज्यांच्या परीक्षेत ती टिकून होती. मला त्यात फारसं वावगं वाटत नाही. हात जोखायला याहून कठोर कसोटी सापडणं अवघड.

वावगं होतं ते रोग्याच्या शोधात. १९६९ मध्ये ईशान्येकडच्या राज्यांनी सामाईक परीक्षा मंडळ काढलं, मग इतर भागांतही तशी मंडळं झाली आणि अटी छापील झाल्या. त्या वाचताना स्थळं पाहणाऱ्या घरची यादी आठवते. कीड दोन दाढांच्या मधल्या फटीत हवी. एक्स-रेवर ती इनॅमल ओलांडून डेंटिनपर्यंत पोचलेली दिसली पाहिजे. पण नसेपर्यंत गेलेली नको. शेजारची दाढ जागेवर, टेकलेली. समोरच्या जबड्यात चावायला जोडीदार दात. रोग्याचा रक्तदाब मर्यादेत. हे सगळं जुळल्यावरही परीक्षकांनी कीड ‘पसंत’ केली तरच ड्रिल हातात घ्यायचं.

पुढचा प्रकारही बघण्यासारखा. परीक्षक आणि उमेदवार यांची गाठच पडायची नाही. खड्डा कोरून झाला की रबराचा पडदा तोंडात तसाच ठेवून रोगी उठायचा आणि दुसऱ्या दालनात जायचा. तिथे परीक्षक एकमेकांना न विचारता, नुसत्या क्रमांकावर गुण द्यायचे. कोरताना कीड अंदाजापेक्षा खोल निघाली, तर उमेदवाराने हात थांबवायचा, आणखी किती आणि का कोरायचं ते लिहून द्यायचं आणि मंजुरीची वाट पाहायची. रोगी आ वासून बसलेला. विनाकारण नस उघडी पाडली तर परीक्षा तिथेच संपली.

आणि रोगी आलाच नाही तर? वर्षभराची तयारी वाया. म्हणून शहाणे उमेदवार एक राखीव रोगीही आणत. जाहिराती देत, पैसे देत, रोगी पुरवणारे दलालही झाले. याहून वाईट म्हणजे, मनाजोगती कीड सापडली की तिच्यावर उपचार न करता ती परीक्षेच्या तारखेपर्यंत सांभाळून ठेवायची. डॉक्टर व्हायला निघालेल्या पोराकडून परवाना देणारी यंत्रणाच हे करवून घेत होती. अमेरिकन डेंटल असोसिएशनने २००० मध्येच ठराव केला की परीक्षेत रोगी वापरणं २००५ पर्यंत बंद व्हावं. २००५ आलं आणि गेलं, रोगी हॉटेलात उतरतच राहिले.

मोडलं ते कोविडने. २०२० मध्ये अनोळखी माणसाच्या तोंडात डोकवायला कोण धजणार? मग प्लास्टिकचा दात पुढे आला. त्यात इनॅमल, डेंटिन आणि कीड यांचे थर वेगवेगळ्या कठीणपणाचे असतात. मऊ लागलं की कीड, हे हाताला कळतं. क्राउन आणि रूट कॅनॉल तर आधीपासूनच पुतळ्याच्या जबड्यावर होत होते. राज्यांनी एकामागून एक मान्यता दिली.

जुने परीक्षक कुरकुरले: प्लास्टिकला लाळ सुटत नाही, जीभ मध्ये येत नाही, ते घाबरत नाही. मुद्दा बिनतोड आहे. पण घाबरलेल्या माणसाला कसं हाताळतोस, हे एका दुपारी, तेही पैसे देऊन आणलेल्या माणसावर काय कळणार? कॅलिफोर्नियाने म्हणूनच कॉलेजात केलेल्या कामावरून जोखायची वाट खुली केली. न्यूयॉर्क आणखी पुढे गेलं: २००७ पासून तिथे ही प्रॅक्टिकल परीक्षाच नाही. तिच्याऐवजी पदवीनंतर किमान वर्षभर मान्यताप्राप्त रेसिडेन्सी, वरिष्ठांच्या नजरेखाली. तिथे रोगी आपल्या पायांनी येतात, दात दुखतो म्हणून.