‘वील’: क्षेमकुशलाचा जुना इंग्रजी शब्द

इंग्रजीतला ‘वील’ हा शब्द आता बोलण्यात जवळजवळ उरलेला नाही. अर्थ क्षेमकुशल, भरभराट. प्राचीन इंग्रजीत त्याचं रूप ‘वेला’ असं होतं. चांगलं या अर्थाच्या ‘वेल’शी त्याचं जवळचं नातं आहे. जुन्या पुस्तकांत ‘वील अँड वो’, म्हणजे सुखदुःख, ही जोडी अजून भेटते.

याच ‘वील’पासून मध्ययुगात ‘वेल्थ’ घडला. आज वेल्थ म्हणजे संपत्ती. पण १६११ च्या इंग्रजी बायबलात, करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात, प्रत्येकाने दुसऱ्याची ‘वेल्थ’ पाहावी असा उपदेश आहे. तिथे पैशाचा संबंधच नाही. दुसऱ्याचं भलं पाहा, एवढंच सांगायचं आहे. जुना अर्थ ठाऊक नसेल, तर वाचणारा परक्याच्या तिजोरीकडे वळायचा!

‘कॉमनवेल्थ’ म्हणजेही मुळात सर्वांचं हित, मग त्या हितासाठी चालणारं राज्य. १६४९ मध्ये पहिल्या चार्ल्स राजाला देहदंड दिल्यावर इंग्लंडने हेच नाव धारण केलं. आपल्या ‘राष्ट्रकुल’ शब्दात हिताचा तो धागा आला नाही, याची हळहळ वाटते.

अंगावर उठणाऱ्या वळालाही इंग्रजीत ‘वील’च म्हणतात. तो शब्द मात्र वेगळ्या कुळातला आहे.