स्कूबा डायव्हिंगनंतर विमानाची घाई नको
दिल्लीहून तारकर्लीस जाताना, मुक्कामाचा खर्च वाचावा म्हणून आपण डुबकीच्याच दिवशी परतीचे विमान घेत असाल, तर ही काटकसर महागात पडू शकते. पाण्याखालील दाबाने शरीरात विरघळलेला नायट्रोजन विमानातील कमी दाबात बुडबुड्यांच्या रूपाने सुटू शकतो. सांधेदुखी, बधिरता, क्वचित पक्षाघातही होतो. एका डुबकीनंतर किमान १२ तास, अनेक डुबक्यांनंतर १८ तास विमानप्रवास टाळावा. डुबकी आधी, सिंधुदुर्ग किल्ला शेवटच्या दिवशी. कोकण रेल्वेने निजामुद्दीनला परतणे बहुधा स्वस्तही पडते. सर्दी वा गर्भावस्थेत पाण्यात उतरू नये. दमा, हृदयविकार असल्यास आगाऊ रक्कम भरण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारावे. परतल्यावर वरील लक्षणे जाणवल्यास तातडीने रुग्णालय गाठावे आणि डुबकीचा उल्लेख आवर्जून करावा.