गाडीचे अ‍ॅव्हरेज : कागदावरचे आणि रस्त्यावरचे



उसाचे बिल जमा झाले की अनेक घरांत गाडी घ्यायचा विषय निघतो. जाहिरातीत अ‍ॅव्हरेज छापलेले असते. गाडी दारात आली की तेवढे पडत नाही. मग "आपण फसलो" असे वाटते. हा आकडा येतो कुठून, ते आम्ही थोडक्यात सांगतो.

ही चाचणी रस्त्यावर होत नाही. प्रयोगशाळेत चाके रोलरवर ठेवून गाडी ठरलेल्या वेगाने पळवतात. युरोपातील जुन्या चाचणीत ११८० सेकंदांत जेमतेम ११ किलोमीटर, तेही एसी बंद ठेवून. भारताने तोच नमुना घेतला, मात्र कमाल वेग ताशी १२० वरून ९० वर आणला. त्यात घाट नाही, खड्डे नाहीत, टपावर पोती नाहीत. आकडा खोटा नसतो. सर्व गाड्यांना लावलेले ते एकच माप असते. गाड्यांची तुलना करायला ते चालते, घरखर्चाला नाही. नमुन्याच्या रसाचा ब्रिक्स कितीही चांगला दिसो, उतारा ठरतो तो पोत्यात पडलेल्या साखरेवरच!

परीक्षा कशी होणार हे आधीच ठाऊक असले की लबाडीलाही वाव मिळतो. फोक्सवॅगनने डिझेल गाड्यांत अशी प्रणाली बसवली होती की चाचणी ओळखून गाडी तेवढ्यापुरता विषारी वायू आवरी. वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या मंडळींनी यंत्र गाडीतच ठेवून रस्त्यावर मोजणी केली, तेव्हा तफावत दिसली. सप्टेंबर २०१५ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने नोटीस काढली. नायट्रोजन ऑक्साइड मर्यादेच्या ४० पटींपर्यंत, आणि जगभरात अशा गाड्या सुमारे १ कोटी १० लाख!

१ एप्रिल २०२३ पासून भारतातही गाड्यांचा धूर प्रत्यक्ष रस्त्यावर तपासण्याची अट आली. पण ती धुरासाठी. अ‍ॅव्हरेज ज्याचे त्यानेच मोजावे.

रीत सोपी आहे. टाकी फुल्ल करा, मीटरचा आकडा लिहा. चार-पाचशे किलोमीटर झाल्यावर त्याच पंपावर पुन्हा फुल्ल करा. समजा ४५० किलोमीटरला ३० लिटर लागले, तर अ‍ॅव्हरेज १५. जाहिरातीत २० असेल, तर महिन्याच्या हजार किलोमीटरला ५० ऐवजी ६७ लिटर लागतील. हप्ता ठरवताना हे १७ लिटर धरलेत का?

गाडी घेण्याआधी गावात तीच गाडी वापरणाऱ्याला विचारा. त्याची वही जाहिरातीपेक्षा खरी.