विश्लेषण : पौलाला सिनेगॉगमधूनच विरोध का झाला?

ख्रिस्ती धर्माचे पहिले प्रचारक जन्माने ज्यू होते. रोमन साम्राज्यातील शहरांत त्यांना पहिला श्रोता मिळाला तो ज्यूंच्या सिनेगॉगमध्ये आणि पहिला विरोधही तिथेच झाला. हा दोन धर्मांमधील संघर्ष होता की एकाच समाजातील वाद?

करिंथमध्ये काय घडले?

इसवी सन ५१-५२ च्या सुमारास ग्रीसमधील करिंथ शहरात रोमन प्रांताधिकारी गल्लियो याच्यासमोर एक तक्रार आली. पौल (संत पॉल) हा लोकांना नियमशास्त्राविरुद्ध देवाची भक्ती करायला शिकवतो, असे तक्रारदार ज्यूंचे म्हणणे होते. पौलाने बचावासाठी तोंड उघडण्यापूर्वीच गल्लियोने प्रकरण निकाली काढले. हा गुन्हा नाही, तुमच्याच धर्मशास्त्रातील वाद आहे, तो तुमचा तुम्ही मिटवा, असा त्याचा सूर होता. बायबलमधील ‘प्रेषितांची कृत्ये’ या ग्रंथात हा प्रसंग येतो. गल्लियो हा तत्त्वज्ञ सेनेकाचा भाऊ. ग्रीसमधील डेल्फी येथे सापडलेल्या शिलालेखात त्याचे नाव असल्याने त्याचा कार्यकाळ निश्चित करता येतो. पौलाच्या आयुष्यातील इतर घटनांच्या तारखाही त्यावरूनच मोजल्या जातात.

प्रचारक आधी सिनेगॉगमध्येच का जात?

पहिल्या शतकापर्यंत आलेक्झांड्रिया, अंत्युखिया, इफिस, रोम अशा शहरांत ज्यूंच्या मोठ्या वस्त्या होत्या. मायदेशाबाहेर स्थिरावलेल्या या ज्यू समाजाला ‘डायस्पोरा’ म्हणतात. त्यांची बोलीभाषा ग्रीक होती आणि धर्मग्रंथही ग्रीक भाषांतरात वाचले जात. मुंबई, पुणे, अलिबागच्या वाचकांना परिचित असलेले सिनेगॉग, म्हणजे मराठी बायबलमधील ‘सभास्थान’, हे या समाजाचे केंद्र. शब्बाथच्या दिवशी तिथे धर्मग्रंथाचे वाचन होई आणि बाहेरून आलेल्या जाणकाराला बोलण्याची संधी मिळे. पौल स्वतः तार्सस या डायस्पोरा शहरातला. त्यामुळे नव्या गावात गेल्यावर सिनेगॉग गाठणे त्याला स्वाभाविकच होते.

मग विरोध कशासाठी?

पहिले कारण धार्मिक होते. क्रूसावर मृत्यू पावलेला येशू हाच मसीहा, हा दावा अनेकांना पटणे शक्य नव्हते. झाडावर टांगलेल्या माणसावर देवाचा शाप असतो, असे नियमशास्त्रात म्हटले होते. शिवाय क्रूस ही रोमन सत्तेची सर्वांत मानहानीकारक शिक्षा होती.

दुसरे कारण सामाजिक. सिनेगॉगमध्ये ज्यू नसलेलेही बरेच लोक येत. बायबलमध्ये त्यांना ‘देवाचे भय बाळगणारे’ म्हटले आहे. काही जण आश्रयदातेही होते. आजच्या तुर्कस्तानातील आक्मोनिया येथे तर सम्राटपूजेची पुजारीण असलेल्या जुलिया सेवेरा हिनेच सिनेगॉग बांधून दिल्याचा उल्लेख शिलालेखात आहे. ही मंडळी सिनेगॉगला मदत करत, पण आपल्या शहराचे देवही सोडत नसत. पौलाने नेमका इथेच हात घातला. येशूवर विश्वास ठेवा, सुंता करण्याची गरज नाही, मात्र जुने देव सोडलेच पाहिजेत, असे तो सांगू लागला.

यात धोका कोणता होता?

ज्यूंना नगरदेवतांच्या पूजेपासून मिळालेली सूट ही वाडवडिलांच्या परंपरेमुळे होती. ग्रीक किंवा रोमन माणसाला अशी परंपरा नव्हती. त्याने देव सोडले तर शहरावर देवांचा कोप होईल, अशी सर्वसाधारण समजूत होती. त्याचा ठपका जवळच्या सिनेगॉगवर येण्याची शक्यता होती, याकडे इतिहासकार पॉला फ्रेड्रिक्सन यांनी लक्ष वेधले आहे.

ही भीती निराधार नव्हती. इसवी सन ३८ मध्ये आलेक्झांड्रियात ज्यूंची घरे लुटली गेली, अनेकांना ठार मारले गेले. ४१ मध्ये सम्राट क्लॉडियसने तेथील ज्यूंच्या प्रथा कायम ठेवल्या, पण आहे त्यापेक्षा जास्त मागू नका, असा इशाराही दिला. ४९ च्या सुमारास त्याने रोममधून ज्यूंना हद्दपार केले. ‘ख्रेस्तुस’ नावाच्या व्यक्तीच्या चिथावणीने तिथे सतत गोंधळ होत होता, असे रोमन चरित्रकार सुएटोनियस सांगतो. हा उल्लेख ख्रिस्ताविषयीच्या वादाचा असावा, असे अनेक अभ्यासक मानतात. करिंथमध्ये पौलासोबत तंबू शिवणारे अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला हे दांपत्य याच हद्दपारीमुळे तिथे आले होते.

अशा वातावरणात थेस्सलनीका येथे पौल आणि त्याच्या सोबत्यांवर ‘कैसराव्यतिरिक्त दुसरा राजा मानतात’ असा आरोप झाला. असा राजद्रोहाचा संशय संपूर्ण समाजावर येणे परवडणारे नव्हते. गल्लियोने तक्रार फेटाळल्यानंतर सिनेगॉगचा अधिकारी सोस्थनेस याला न्यायासनासमोरच मारहाण झाली आणि गल्लियोने तिकडे लक्षही दिले नाही. समाजाची स्थिती किती नाजूक होती, हे यावरून दिसते.

विरोधाचे स्वरूप कसे होते?

पिसिदियातील अंत्युखियातून पौलाला हाकलले गेले, लुस्त्र येथे दगडमार झाली. आपल्याला ज्यूंकडून पाच वेळा एकोणचाळीस फटके बसले, असे तो करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात सांगतो. नियमशास्त्रात फटक्यांची मर्यादा चाळीस होती. मोजण्यात चूक होऊ नये म्हणून एक कमी मारला जाई. ही शिक्षा समाजांतर्गत शिस्तीची होती. सिनेगॉगशी नाते तोडणाऱ्याला ती टाळता आली असती. पौलाने ती पाच वेळा सोसली, म्हणजे तो स्वतःला ज्यूच मानत होता आणि शिक्षा देणारेही त्याला आपलाच समजत होते. शिवाय विरोध सरसकट नव्हता. करिंथच्या सिनेगॉगचा प्रमुख क्रिस्प पौलाचा अनुयायी झाला, तर बिरुयातील ज्यूंनी त्याचे म्हणणे धर्मग्रंथाशी ताडून पाहिले.

या वर्णनांवर किती विसंबावे?

पौलाची पत्रे ५० च्या दशकातील आहेत, तर ‘प्रेषितांची कृत्ये’ हा ग्रंथ बहुतेक अभ्यासकांच्या मते त्यानंतर किमान दोन-तीन दशकांनी लिहिला गेला. तोवर दोन्ही गटांतील अंतर वाढले होते. त्यात विरोधामागे मत्सर होता असे म्हटले आहे, पण ती एका बाजूची मांडणी आहे. सिनेगॉगच्या बाजूने लिहिलेला तत्कालीन वृत्तांत आपल्यापर्यंत आलेला नाही.

आज हे का समजून घ्यायचे?

पहिल्या शतकात पौलाचे अनुयायी मूठभर होते. चौथ्या शतकात रोमन सम्राटच ख्रिस्ती झाले आणि पारडे फिरले. ३८८ मध्ये कॅलिनिकम येथे ख्रिस्ती जमावाने सिनेगॉग जाळले. सम्राट थिओडोसियसने ते तेथील बिशपला बांधून द्यायला सांगितले, पण मिलानचे बिशप अॅम्ब्रोस यांच्या दबावामुळे त्याला माघार घ्यावी लागली. एकाच समाजातील जुन्या भांडणाची वर्णने पुढे शतकानुशतके संपूर्ण ज्यू समाजाविरुद्ध वापरली गेली. येशूच्या मृत्यूचा दोष सर्व ज्यूंवर टाकता येणार नाही, हे कॅथलिक चर्चने दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत अधिकृतपणे मांडले, ते १९६५ मध्ये.