आधी चुनखडी, मग खत!

ब्राझीलमधला सेरादो हा सुमारे २० कोटी हेक्टरांचा प्रदेश. म्हणजे महाराष्ट्राच्या साडेसहा पट! जमीन सपाट, पाऊस चांगला, ऊन भरपूर. तरी १९६०च्या सुमारापर्यंत तिथे गुरं चारण्यापलीकडे फारसं काही होत नसे. आज ब्राझील सोयाबीन पिकवण्यात जगात पहिला आहे, आणि त्यात सेरादोचा वाटा फार मोठा.

अडचण होती ॲल्युमिनियमची. ते बहुतेक मातीत असतंच. पण सामू (pH) साडेपाचाच्या खाली घसरला की विरघळतं आणि मुळांची टोकं खुंटवतं. मुळं वरच्या वर राहतात. मग ऐन पावसाळ्यात आठवडाभर उघडीप पडली, तरी पीक माना टाकतं. सेरादोतली काही रानझाडं मात्र हेच ॲल्युमिनियम पानांत साठवून मजेत वाढतात!

यावर उतारा चुनखडीच्या पुडीचा; ती सामू वाढवते. सामू ५ असलेली माती ६ सामूच्या मातीपेक्षा दहापट आम्ल असते, त्यामुळे एका अंकाचा फरकही मोठा. चुनखडी फार खाली उतरत नाही. तिथे जिप्सम कामी येतं. ते सामू वाढवत नाही, पण पाण्याबरोबर कॅल्शियम खोल नेतं आणि मुळांना वाट करून देतं.

स्फुरदाची गंमत वेगळीच. लाल मातीतले लोह-ॲल्युमिनियमचे ऑक्साइड ते घट्ट धरून ठेवतात, म्हणून सुरुवातीला सढळ हाताने द्यावं लागतं. नत्राचा खर्च मात्र जवळपास वाचला: शास्त्रज्ञ योहाना डोबेराइनर यांनी मुळांवरच्या गाठींत नत्र बांधणाऱ्या जिवाणूंचा आग्रह धरला आणि ब्राझीलचं सोयाबीन नत्रखताविना पिकू लागलं. सेरादोच्या या कायापालटासाठी २००६चा जागतिक अन्न पुरस्कार लोबातो, पाओलिनेली आणि मॅक्लंग या तिघांना मिळाला. किंमतही मोजावी लागली: तिथलं जवळपास निम्मं मूळ रान गेलं. ही हानी मला फार मोठी वाटते.

चुनखडीही बेतानेच टाकावी: चुना जास्त झाला तर जस्त मातीत अडकतं. आणि युरियासोबत तो कधीच मिसळू नये. अमोनिया हवेत उडून जातो.

आपल्या कोकणातली जांभ्याची मातीही आम्लच. भाताच्या खाचरात पाणी साचलं की सामू आपोआप सातकडे सरकतो, म्हणून भाताचं निभावतं. पाणी ओसरल्यावर त्याच खाचरात भुईमूग घेतला, तर कॅल्शियमची उणीव उघडी पडते. भुईमुगाची शेंग कॅल्शियम मुळांकडून नव्हे, थेट भोवतालच्या मातीतून घेते. ते कमी पडलं की शेंगा पोचट!